अरबी येते की नाही, हे ठरवणार कोण?

माझा एक बालमित्र आहे, मूळचा दापोलीकडचा. १९ वर्षं मस्कतला एका ओमानी कुटुंबाकडे ड्रायव्हर होता. त्या घरातली म्हातारी, सुना, नातवंडं, शाळा, बाजार, दवाखाना, सगळं याच्याच गाडीतून. त्यामुळे त्याची अरबी आपल्या बऱ्याच गल्फवाल्यांसारखी 'अना माफी मालूम'वर थांबलेली नाही. (हे 'माफी' म्हणजे आपली माफी नव्हे, 'नाही' अशा अर्थाचा शब्द. कोकणात सुट्टीवर आलेला माणूस किती वर्षांचा गल्फवाला आहे, ते या 'माफी'वरून ओळखता येतं.) हा गडी ओमानी म्हातारीशी तासभर गप्पा मारू शकतो, तिला हसवू शकतो.

आता तो परत आलाय, मुंब्र्याला राहतो. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत ओमान, येमेन, इराकमधून बरेच पेशंट येतात आणि त्यांना दुभाषे लागतात. एका ठिकाणी हा चौकशीला गेला. तिथे सांगितलं, ऑनलाइन अरबीची परीक्षा द्या, सर्टिफिकेट आणा. त्याची मुलगी कॉलेजात अरबी विषय घेऊन शिकते. तिने दोघांचेही फॉर्म भरले. कॅमेरा सुरू, हेडफोन कानात, समोर स्क्रीन.

निकाल असा: मुलगी बी-वन, म्हणजे मधली पातळी. बाप ए-वन. म्हणजे बालवर्ग.

रात्री त्याचा मला फोन. "अरे, ती बाई टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलत होती. तसं मस्कतला माझा अरबाबसुद्धा बोलायचा नाही. आणि खाली चार पर्याय, त्यात शब्द एकच, फक्त शेपूट वेगळं!"

मी हसलो खरा, पण ते 'शेपूट' डोक्यात राहिलं. कारण अरबी भाषेच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली परीक्षा अशाच एका शेपटावरून झाली होती. तिथेही परीक्षार्थी परभाषक होता, आणि तोही नापास झाला होता.

गोष्ट आठव्या शतकाच्या अखेरची. सीबवैह नावाचा एक तरुण इराणातून, शिराझच्या बाजूने, बसऱ्याला शिकायला आला. मातृभाषा फारसी. परंपरा सांगते की तो आधी हदीस शिकत होता. एकदा वाचताना त्याने एका नावाचा विभक्तिप्रत्यय चुकवला. गुरूने भर वर्गात टोकलं. पोरगं इतकं खजील झालं की म्हणालं, आता अशी विद्या शिकतो की ज्यात मला कोणी चूक दाखवू शकणार नाही. आणि तो व्याकरणाकडे वळला. ज्यांनी कधी इंग्रजी मीडियमच्या मुलांसमोर उभं राहून तोंड उघडलंय, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

पुढे तो बगदादला गेला. खलिफा हारून अल-रशीदचा वजीर याह्या बरमकी याच्यासमोर वाद ठेवला गेला. (हे बरमकी घराणं मूळ बल्खच्या बौद्ध विहाराचं. 'बरमक' हा शब्द संस्कृत 'प्रमुख'वरून आला असं अभ्यासक मानतात. आपलाच एक दूरचा धागा त्या दरबारात होता म्हणायचा.) प्रतिस्पर्धी होता अल-किसाई, कूफा परंपरेचा दिग्गज आणि खलिफाच्या मुलांचा शिक्षक. प्रश्न विचारला गेला तो असा: 'मला वाटायचं विंचू गांधीलमाशीपेक्षा जास्त जोरात डसतो, पण बघतो तर काय, तो म्हणजे तीच.' यातल्या शेवटच्या 'ती'चं रूप कोणतं? 'हिया' की 'इय्याहा'? सीबवैह म्हणाला, फक्त 'हिया'. किसाई म्हणाला, दोन्ही चालतात.

आता निवाडा कोणी करायचा? तेव्हाचा नियम साधा होता. वाळवंटातला बदाउनी जे बोलतो ते शुद्ध. योगायोग असा की काही बदाउनी दारातच उभे होते. त्यांना आत बोलावलं, विचारलं. ते म्हणाले, किसाईचं बरोबर. सीबवैह हरला. वजिराने त्याला १०,००० दिरहम देऊन वाटेला लावलं, तो इराणकडे परत गेला आणि लवकरच वारला. वय जेमतेम तिशी-चाळिशीच्या आसपास.

जुन्या ग्रंथकारांना हा निकाल पचला नाही. कोणी लिहिलं, साक्षीदारांना पैसे चारले होते. कोणी म्हटलं, राजपुत्रांच्या मास्तराविरुद्ध कोण बोलणार? सगळ्यात झकास तपशील असा की त्या बदाउनींनी 'किसाई बरोबर' एवढंच म्हटलं. ते वादग्रस्त वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलंच नाही, कारण त्यांची जीभ तिकडे वळली नसती. हे खरं असो की शिष्यांनी मागाहून रचलेलं असो, परीक्षेबद्दलचे आपले सगळे संशय त्यात आहेत: परीक्षक कोण आणला, कोणी आणला, आणि त्याचा पगार कोण देतो.

आणि गंमत बघा. सीबवैहच्या मागे त्याचं एक पुस्तक राहिलं. त्याला धड नावही नव्हतं, लोक नुसतं 'अल-किताब' म्हणजे 'पुस्तक' म्हणू लागले. पुढच्या हजार-बाराशे वर्षांचं अरबी व्याकरण त्यावर उभं आहे. गांधीलमाशीच्या प्रश्नातही नंतरच्या बहुतेक वैयाकरणांनी कौल सीबवैहलाच दिला. म्हणजे आज माझ्या मित्राच्या स्क्रीनवर जी 'बरोबर उत्तरं' होती, त्यांचं मूळ त्या दिवशी दरबारात हरलेल्या परभाषकाच्या पुस्तकात आहे, आणि जो माणूस भाषा ऐकून ऐकून शिकला तो बालवर्गात. बदाउनींची खुर्ची केव्हाच गेली.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते.

कंपनी सरकारच्या काळात लष्करी अधिकाऱ्यांच्या देशी भाषांच्या परीक्षा व्हायच्या. पास झालं की पलटणीत दुभाष्याची जागा, वर भत्ता. तरुण अधिकारी मुन्शी ठेवून घोकंपट्टी करायचे. १८४२ मध्ये मुंबईला उतरलेला रिचर्ड बर्टन त्यातलाच. पारशी मुन्शीकडे शिकला. हिंदुस्थानी, गुजराती अशा परीक्षा एकामागून एक देत गेला. मराठीचीही पास झाला. त्याची हिंदुस्थानीची परीक्षा घेणारे मेजर जनरल व्हान्स केनेडी म्हणजे ज्यांनी १८२४ मध्ये मराठीचा कोश छापला तेच. परीक्षक असा असला तर नापास व्हायलाही हरकत नाही.

हाच बर्टन १८५३ मध्ये वेष पालटून हाजी बनून मक्केला जाऊन आला. यात्रेकरूंच्या गर्दीत, उंटावर, तंबूत, रात्रंदिवस. भाषेत संशयाला जागा मिळाली असती तर जिवावर बेतलं असतं. (तो काही संत नव्हता. साम्राज्याचा माणूस होता, हेरगिरीही केली. पण कान मात्र असामान्य.) त्यानंतर तो एडनला होता. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं, हे आपण विसरतो. येमेनच्या किनाऱ्यावरचं बंदर, पण फायली जायच्या मुंबईला. तिथे त्याने अरबीची सरकारी परीक्षा दिली. परीक्षकांत एडनचे पाद्री जॉर्ज पर्सी बॅजर होते. त्यांनी पुढे इंग्रजी-अरबीचा जाडजूड कोश केला. उत्तरपत्रिका मुंबईच्या परीक्षा समितीकडे गेल्या.

मुंबईच्या समितीने बर्टनला पास केलं नाही!

बॅजरसाहेबांनी बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवलं की या माणसाच्या अरबीचा निवाडा करायला मुळात मीच लायक नव्हतो, आणि मुंबईच्या समितीत बसलेल्यांना तर त्याच्या ज्ञानाचा थोडा अंशही नव्हता. बर्टनने पुढे १८८५ पासून अरेबियन नाइट्सचं सोळा खंडांचं भाषांतर काढलं. (त्यात त्याने जॉन पेनच्या आधीच्या भाषांतराची भरपूर उचल केली होती, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी हिरोपूजा करतोय असं वाटेल.) तरी मुंबईच्या दप्तरात तो अरबीत कच्चाच राहिला.

या समितीला मी मूर्ख म्हणणार नाही. तिच्यासमोर माणूस नव्हता, कागद होता. मक्केचा तंबू कागदावर येत नाही.

म्हणून विसाव्या शतकात अमेरिकनांनी कागद बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या लक्षात आलं की अधिकारी फॉर्मवर 'भाषा उत्तम येते' असं बिनधास्त लिहितात आणि प्रत्यक्षात जेवण मागवता येत नाही. १९५० च्या दशकात त्यांच्या प्रशिक्षण संस्थेने शून्य ते पाच अशी मोजपट्टी बनवली. शून्य म्हणजे काही येत नाही, पाच म्हणजे सुशिक्षित देशी माणसासारखं. परीक्षा म्हणजे समोरासमोर मुलाखत. एका बाजूला भाषातज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला ती भाषा घरात बोलणारा माणूस. एका अर्थी बदाउनी पुन्हा आत आला. आज जगभर ज्या भाषापातळ्या चालतात, त्यातल्या बऱ्याच या पट्टीच्या लेकी-नाती आहेत.

फ्रेंच, स्पॅनिशला हे बरं चाललं. अरबीला अडलं. का, ते समजून घ्या.

'तुला काय हवंय?' एवढं साधं वाक्य घ्या. कैरोत 'आयेझ एह'. दमास्कसला 'शू बद्दक'. कुवेतला 'शिनू तबी'. मोरोक्कोत 'आश बघीती'. आणि पुस्तकी अरबीत, जिला 'फुसहा' म्हणतात, 'माधा तुरीद'. या पाचात एक शब्द सारखा नाही. शेवटचं वाक्य वर्तमानपत्रात, बातम्यांत, भाषणात, पाठ्यपुस्तकात सापडेल. पण कोणत्याही घरात आई मुलाला असं विचारत नाही. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये या स्थितीला 'डायग्लॉसिया' हे नाव रूढ केलं आणि अरबी हे त्याचं ठळक उदाहरण ठरलं. आपली प्रमाण मराठी आणि मालवणी असं समजू नका. आपल्याकडे प्रमाण मराठी घरात बोलणारे लाखो लोक आहेत. फुसहा घरात बोलणारं कोणी नाही. ती सगळ्यांनाच शाळेत शिकावी लागते, अरबांनासुद्धा.

मग परीक्षेत काय विचारायचं? मुलाखतीत 'बाजारात टोमॅटोचा भाव करा' असा प्रसंग द्यायचा, आणि उमेदवाराने फुसहात घासाघीस करायची? ते म्हणजे दादरच्या भाजीवालीला 'भगिनी, या पालेभाजीचे मूल्य किंचित न्यून करावे' असं म्हणण्यासारखं. आणि त्याने कैरोची बोली वापरली, परीक्षक मोरोक्कोचा निघाला, तर?

हा गुंता न सुटताच कॉम्प्युटर आला. इंग्रजीच्या टोफेल परीक्षेने १९९८ मध्ये कॉम्प्युटर आणि २००५ मध्ये इंटरनेट धरलं. अरबी मागे राहिली. एक कारण लिपी. उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर, त्यात आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. एकच अक्षर शब्दात कुठे आलंय त्यावरून रूप बदलणारं. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहायचेच नाहीत. म्हणजे वाचणाऱ्याला आधी व्याकरण कळलं तर उच्चार कळणार. टाइप करायचं तर 'हमझा' नावाचं एक चिन्ह आजूबाजूच्या स्वरांप्रमाणे कधी एका अक्षरावर बसतं, कधी दुसऱ्या, कधी एकटंच. अरब मुलंही त्यात चुकतात. मग परभाषकाने हमझा चुकवला तर ती भाषेची चूक धरायची की कीबोर्डची?

दुसरं कारण पैसा. इंग्रजीची परीक्षा लाखो लोक व्हिसासाठी, प्रवेशासाठी देतात, म्हणून ती उद्योग झाली. अरबीच्या मागे तसं गिऱ्हाईक नव्हतं.

पण एका गिऱ्हाइकाला गरज पडली. १० सप्टेंबर २००१ ला अमेरिकन गुप्तहेर खात्याने पकडलेल्या अरबी संभाषणात 'सामना सुरू होणार आहे', 'उद्या शून्य घटिका' अशा अर्थाची वाक्यं होती. त्यांचं भाषांतर झालं १२ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी झालं असतं तर काही टळलं असतं का, यावर वाद आहेत. पण अरबी जाणणारी माणसं मोजून ठेवायची निकड मात्र भासली. अमेरिकन लष्कराच्या भाषापरीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि त्यात अरबी एक राहिली नाही. फुसहाची वेगळी, इजिप्शियन बोलीची वेगळी, सीरिया-लेबनॉनकडची वेगळी, इराकीची वेगळी. कारण बगदादच्या नाक्यावर गाडी अडवल्यावर समोरचा माणूस फुसहात बोलणार नाही.

हे मला फार बोलकं वाटतं. फौजेला बोली ऐकायच्या होत्या, म्हणून तिने बोलींच्या परीक्षा काढल्या. विद्यापीठांना ग्रंथ वाचायचे होते, त्यांनी फुसहाच्या काढल्या. अरबी नावाची एक वस्तू कोणी मोजलीच नाही, ज्याने त्याने आपल्या कामाची मोजली. पॅरिसच्या अरब जगत संस्थेने 'सिमा' नावाचं प्रमाणपत्र काढलं, तेही फुसहाचंच, युरोपच्या पातळ्यांना जोडलेलं. सौदी अरेबियाने २०२० मध्ये किंग सलमान यांच्या नावाने अरबी भाषेची अकादमी स्थापली. तिची परभाषकांसाठीची कॉम्प्युटर-परीक्षा आहे, नाव 'हमझा'. सगळ्यांना छळणाऱ्या चिन्हाचंच नाव परीक्षेला! यात राजकारण नाही असं कोणी समजू नये. आपल्या भाषेची मोजपट्टी दुसऱ्यांनी का बनवावी, हा प्रश्न अरबांनी विचारणं रास्तच आहे. पण अनेक देशांत विभागलेल्या भाषेची एकच पट्टी बनवायची म्हटलं की फुसहावरच यावं लागतं. कैरोची निवडली तर रियाध रुसेल, रियाधची निवडली तर कैरो.

आणि यंत्र? 'व्हर्संट' नावाची फुसहा बोलण्याची एक परीक्षा आहे, तिच्यात गुण माणूस देत नाही, यंत्र देतं. वाक्य ऐका, परत म्हणा, छोट्या प्रश्नाला उत्तर द्या, झालं. यंत्र दमत नाही, वशिला मानत नाही, वजिराच्या मर्जीतल्या पंडिताला घाबरत नाही. सीबवैहला कदाचित आवडलं असतं. पण यंत्राला चांगलं-वाईट शिकवायला आधी माणसांचेच आवाज आणि माणसांनीच दिलेले गुण लागतात. ते आवाज कुठले निवडले, तिथे सगळा निकाल लागलेला असतो. आधी निदान दारातले बदाउनी सगळ्यांना दिसत तरी होते.

दुसऱ्या एका पद्धतीत स्क्रीनवरचं चित्रातलं पात्र प्रश्न विचारतं, आपलं उत्तर रेकॉर्ड होतं आणि मागाहून खरा माणूस ऐकून गुण देतो. मला ही मधली वाट बरी वाटते. महाग पडते म्हणून सगळीकडे नाही.

आता हॉस्पिटलचं सांगतो. नोकरी मुलीला मिळाली. रीतसरच मिळाली, परीक्षेचा निकाल तसाच होता. दुसऱ्याच आठवड्यात ओमानमधली एक म्हातारी आली. सारखी म्हणत होती, 'यअव्विरनी, यअव्विरनी'. मुलीच्या पुस्तकात दुखण्याला 'अलम'. हा शब्द तिने ऐकला नव्हता. पण त्याचा धातू कोशात आहे, आणि तिथे अर्थ आहे एका डोळ्याने आंधळं करणं. पोरगी हुशार, तिने धातू ओळखला आणि डॉक्टरांना सांगितलं, डोळ्याची तक्रार दिसतेय. म्हातारी मान हलवून नाही म्हणतेय, परत तेच बोलतेय. शेवटी पोरीने बापाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

तो म्हणाला, "अगं, दुखतंय म्हणतेय ती! आखातात असंच म्हणतात. विचार कुठे." मग स्वतःच विचारलं. छातीत.

हे ऐकून 'बघा, परीक्षा कशा फालतू असतात' असं म्हणायचा मोह मलाही झाला. पण त्याच म्हातारीबरोबर ओमानहून आलेलं दोन पानी सरकारी पत्र होतं, खर्च कोण देणार, किती दिवसांचा, कोणत्या अटींवर. ते बापाला एक ओळ वाचता येईना. मुलीने दहा मिनिटांत इंग्रजीत करून दिलं. त्याअभावी म्हातारीची भरती अडली असती.

हॉस्पिटलने मागितली होती ती परीक्षा दुसऱ्या कामाची निघाली. खाटेजवळच्या कामाची परीक्षा वेगळी काढावी लागेल, निदान समोर एक आखाती माणूस बसवून दहा मिनिटं बोलायला लावावं लागेल, हे मित्राने तिथल्या ऑफिसात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, धोरणात बसत नाही. सर्टिफिकेट ऑनलाइनच हवं.

सध्या दोघं एकाच लोकलने जातात. कार्ड मुलीच्या गळ्यात, बाप खाली बाकावर. म्हातारं माणूस आलं की तो वर जातो, पगार एकच. रात्री जेवणं झाल्यावर ती त्याला शेपटं शिकवते, कारण तीन महिन्यांनी तो परत परीक्षेला बसणार आहे. परवा मी गेलो तेव्हा दोघांची जुंपली होती. ती म्हणत होती, "अब्बा, इथे शेवटी 'ऊ' येतो, 'आ' नाही." आणि हा म्हणत होता, "बेटा, मस्कतमध्ये मी १९ वर्षांत ना 'ऊ' ऐकला, ना 'आ'."

मी त्याला सीबवैहची गोष्ट सांगितली. गांधीलमाशीपर्यंत शांतपणे ऐकली. मग विचारलं, "मग त्याला परत बसू दिलं का परीक्षेला?"